वर्षभराचा शिधा : फिनिक्सच्या पहिल्या फूड बँकेची वाटचाल

अमेरिकेतले पोस्टमन मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी टपाल वाटता वाटता आणखी एक काम करतात. लोकांनी टपालपेटीशेजारी ठेवलेल्या पिशव्या ते उचलतात. पिशव्यांत राजम्याचे डबे, तांदूळ, पास्ता, पीनट बटर असा कोरडा आणि टिकाऊ शिधा असतो. संध्याकाळपर्यंत तो त्या त्या गावच्या फूड बँकेत पोचतो. पोस्टमनांच्या संघटनेनं 1991च्या ऑक्टोबरात 10 शहरांत हा प्रयोग करून पाहिला होता. तो देशभर न्यायचा ठरला तेव्हा फूड बँकांनीच सुचवलं की हे काम उन्हाळ्याच्या तोंडावर करा. थँक्सगिव्हिंग आणि नाताळात आलेला शिधा तोवर संपत आलेला असतो आणि नवा येत नसतो. त्याप्रमाणे 15 मे 1993 रोजी देशभर पहिला संकलन दिवस झाला. त्या एका दिवसात 1 कोटी 10 लाख पौंडांहून अधिक, म्हणजे सुमारे 50 लाख किलो शिधा जमला.

लोक देतात, मनापासून देतात, पण सणाला देतात. पोट मात्र सण बघून भुकेलं होत नाही. या दोन गोष्टींचा मेळ घालण्यासाठी एका संस्थेनं जवळजवळ 60 वर्षं खर्ची घातली आहेत. ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरातली सेंट मेरीज फूड बँक ही ती संस्था. जगातली पहिली फूड बँक म्हणून ती ओळखली जाते.

तिची सुरुवात करणाऱ्या जॉन व्हॅन हेंगेल यांचा जन्म 1923चा, विस्कॉन्सिन राज्यातला. कॉलेज झाल्यावर ते कॅलिफोर्नियाला गेले, तिथे नाना उद्योग केले, संसार मोडला, आणि परत गावाकडे येऊन दगडाच्या खाणीवर काम करू लागले. तिथल्या एका दुखापतीनं त्यांचं चालणं अवघड करून टाकलं. हवा उबदार, तब्येतीला मानवेल म्हणून ते 1960च्या दशकात फिनिक्सला आले. हाताशी पैसा नाही, शरीर साथ देत नाही, वय चाळिशी ओलांडलेलं. अशा अवस्थेत ते सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या भोजनगृहात सेवेला जाऊ लागले.

फिनिक्स हे वाळवंटातलं शहर, पण तिथल्या बंगल्यांच्या आवारांत संत्र्यांची आणि पपनसासारख्या ग्रेपफ्रूटची झाडं भरपूर. फळं पिकून खाली पडत आणि तिथेच सडत. व्हॅन हेंगेल घरमालकांना विचारून ती उतरवू लागले. कापणी झालेल्या शेतात सरवा वेचावा तसे ते शहरभर फिरत आणि गोळा झालेलं भोजनगृहात आणून टाकत. थोड्याच दिवसांत माल इतका येऊ लागला की एका भोजनगृहाला तो संपेना. मग ते तो दुसऱ्या संस्थांना नेऊन देऊ लागले.

याच काळात त्यांची एका बाईशी गाठ पडली. पदरात दहा मुलं, नवरा तुरुंगात. किराणा दुकानांच्या मागच्या कचराकुंड्यांत टाकून दिलेलं अन्न वेचून ती मुलांना जगवत होती. त्या अन्नात वाईट काही नसतं, असं तिनं त्यांना सांगितलं. डबा जरा चेपलेला असतो, खोका फाटलेला असतो, लेबल उलटं लागलेलं असतं, एवढंच. बँकेत पैसे ठेवतात आणि लागतील तसे काढतात, तशी अन्नाची सोय कुठे असती तर किती बरं झालं असतं, हेही तिचंच बोलणं. त्या बाईचं नाव इतिहासात राहिलं नाही. पुढे जगभर पसरलेल्या या सगळ्या व्यवहाराची मूळ कल्पना मात्र तिची. व्हॅन हेंगेल यांनी तिचं श्रेय कधी स्वतःकडे घेतलं नाही. ते तिचीच गोष्ट सांगत राहिले.

ते दुकानदारांकडे गेले आणि टाकून देण्याच्या मालाची मागणी केली. माल मिळू लागला. आता तो ठेवायला जागा हवी होती. सेंट मेरीज या फ्रान्सिस्कन चर्चनं आपली एक बंद पडलेली बेकरी आणि 3,000 डॉलर त्यांच्या हवाली केले. 1967 साल होतं. चर्चचं नाव संस्थेला मिळालं. पहिल्याच वर्षी 2 लाख 75 हजार पौंड, म्हणजे सुमारे सव्वा लाख किलो अन्न त्या बेकरीतून बाहेर पडलं.

फूड बँकेचं काम कसं चालतं, ते इथे सांगायला हवं, कारण आपल्याकडे हा शब्द अन्नछत्रासाठीही वापरला जातो. फूड बँक सहसा स्वतः जेवू घालत नाही. ती घाऊक गोदामासारखी असते. कारखानदार, शेतकरी, दुकानदार, सरकार आणि सामान्य माणसं यांच्याकडून येणारा माल तिथे उतरतो, निवडला जातो, तोलला जातो, आणि मग गावोगावच्या चर्च, शाळा, निवारे, छोट्या शिधाकेंद्रांना दिला जातो. गरजू माणूस या शेवटच्या टप्प्यावर भेटतो. व्हॅन हेंगेल यांचं खरं शहाणपण इथे आहे. भुकेल्याला वाढणारे हात अमेरिकेत आधीही होते. प्रत्येक जण आपापल्या परीनं दारोदार मागत होता. मागण्याचं, साठवण्याचं आणि वाहतुकीचं काम एका जागी आणलं तर वाढणाऱ्यांना वाढण्याकडे लक्ष देता येईल, हे त्यांनी ओळखलं.

निवडीचं टेबल पाहिलं की हे काम किती नेटानं करावं लागतं ते कळतं. स्वयंसेवक डबा हातात घेऊन आधी सगळीकडून फिरवतो. पोटाला साधा पोचा असेल तर चालतो. पोचा शिवणीवर किंवा कडेवर असेल तर डबा बाद, कारण तिथून हवा आत गेलेली असू शकते. झाकण फुगलेलं असेल तर विचारच करायचा नाही. लेबल निघून गेलेलं असेल तरी बाद, कारण आत काय आहे ते खाणाऱ्याला कळलंच पाहिजे. पाकिटावरची तारीख उलटून गेलेली असली तरी कोरडे पदार्थ बहुधा चालतात, पण तान्ह्या बाळाची दूधपावडर तारखेनंतर एक दिवसही पुढे जात नाही. मग खोके वर्गवार भरायचे: भाज्या, प्रथिनं, धान्य, न्याहारी. खोका काट्यावर चढतो, आकडा नोंदवला जातो. 1.2 पौंड म्हणजे एक जेवण, असा अमेरिकेतला हिशेब आहे.

नोव्हेंबरात याच टेबलावर वेगळंच दृश्य असतं. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतो. त्याआधीचे तीन-चार आठवडे शाळा, कचेऱ्या, सुपरमार्केटं, स्काउटची मुलं, सगळेच शिधा गोळा करत असतात. गोठवलेल्या टर्की येतात. क्रॅनबेरी सॉसचे आणि लाल भोपळ्याच्या गराचे डबे ढिगांनी येतात, कारण सणाचा स्वयंपाक त्यांच्याशिवाय होत नाही. स्वयंसेवकही इतके येतात की त्यांना वेळा वाटून द्याव्या लागतात. गरिबाच्या घरीही त्या दिवशी टर्की शिजावी, ही भावना मला फार मोलाची वाटते. सणाच्या दिवशी दुसऱ्याच्या ताटाची आठवण होणं ही साधी गोष्ट नाही. त्या दानावर नाक मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण जानेवारीत ते टेबल अर्धं रिकामं असतं, हेही तितकंच खरं.

फूड बँकांची पुढची सगळी वाटचाल या जानेवारीची तजवीज करण्यात गेली. ती तजवीज तीन-चार बाजूंनी झाली.

पहिली बाजू कायद्याची. 1976च्या कर सुधारणा कायद्यानं कंपन्यांना अन्नदानावर वाढीव वजावट दिली. मालाच्या खर्चाइतकीच नाही, तर त्यावर अपेक्षित नफ्याचा अर्धा भागही कंपनी वजावटीत धरू शकते, अर्थात खर्चाच्या दुपटीच्या मर्यादेत. माल फेकण्यापेक्षा देणं परवडू लागलं. त्याच सुमारास व्हॅन हेंगेल यांना इतर शहरांत अशाच संस्था उभारण्यासाठी केंद्र सरकारचं अनुदान मिळालं आणि 1977पर्यंत 18 शहरांत फूड बँका सुरू झाल्या. 1979मध्ये त्यांची मिळून एक राष्ट्रीय संस्था झाली, सेकंड हार्वेस्ट. 2008मध्ये तिनं फीडिंग अमेरिका हे नाव घेतलं. आज 200च्या आसपास फूड बँका आणि सुमारे 60 हजार शिधाकेंद्रं व भोजनगृहं तिच्या जाळ्यात आहेत. कंपन्यांच्या मनात एक भीती उरली होती: दिलेलं अन्न खाऊन कुणाला बाधलं तर? तिच्यावर 1996मध्ये उपाय झाला. दिवंगत खासदार बिल एमर्सन यांच्या नावाच्या कायद्यानं शुद्ध हेतूनं अन्न देणाऱ्याला कायदेशीर संरक्षण दिलं. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी 1 ऑक्टोबर 1996 रोजी त्यावर सही केली.

दुसरी बाजू सरकारी गोदामांची. 1980च्या सुमारास अमेरिकी सरकारकडे चीजचा प्रचंड साठा पडून होता. दुधाला आधारभाव द्यायचा म्हणून सरकार ते विकत घेत होतं. त्याच वेळी मंदीनं माणसं बेकार होत होती. नाताळ तीन दिवसांवर आला असताना, 22 डिसेंबर 1981 रोजी, राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी 3 कोटी पौंड चीज गरिबांना वाटण्याचा निर्णय जाहीर केला. पाच-पाच पौंडांच्या लाद्या वाटायला सरकारजवळ यंत्रणा नव्हती. ती फूड बँकांकडे होती. 1983मध्ये या वाटपाची तात्पुरती योजना कायद्यानं आखली गेली. तिच्या नावातच ‘तात्पुरती’ हा शब्द होता. 1990मध्ये तो शब्द नावातून काढून टाकला गेला आणि योजना आजही चालू आहे.

तिसरी बाजू मालाच्या वाटणीची, आणि मला ती सगळ्यात रंजक वाटते. राष्ट्रीय संस्थेकडे आलेला माल पूर्वी पाळीपाळीनं वाटला जाई. यादीत जिचा नंबर, त्या फूड बँकेला फोन जाई: अमुक ट्रक आहे, घेता का? काही तासांत उत्तर द्यायचं. मग बटाट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या आयडाहोलाच बटाट्यांचा ट्रक देऊ केला जाई. 2005मध्ये शिकागो विद्यापीठाच्या अर्थशास्त्रज्ञांच्या मदतीनं नवी पद्धत आली. प्रत्येक फूड बँकेला तिच्या भागातल्या गरजूंच्या प्रमाणात रोज ‘शेअर्स’ मिळतात. हे चलन फक्त आपापसात चालतं. ते वापरून दिवसातून दोनदा मालावर बोली लावायची. ही पद्धत आखणाऱ्या समितीत यायला नाखूष असलेले लोकही होते. बाजाराच्या पद्धतीनं गरिबांची भाकरी वाटायची, हे त्यांच्या पचनी पडेना. पण खर्च झालेले शेअर्स रोज रात्री पुन्हा सगळ्यांत वाटले जातात आणि लहान संस्थांना उसनवारीची सोय आहे, हे पाहिल्यावर विरोध मावळला. या बोलीतून एक गोष्ट उघड झाली. पास्ता आणि पीनट बटरला भाव फार, ताजी भाजी मात्र जवळजवळ फुकट. ज्यांच्याकडे भाज्या मुबलक पिकतात ते आता आपले शेअर्स टिकाऊ मालावर खर्च करू लागले, आणि जिथे भाजी दुर्मीळ होती तिथे ती पोचू लागली.

फिनिक्सच्या बाबतीत भाजीचा एक जास्तीचा ओघ आहे. थंडीत अमेरिकेला लागणारे मेक्सिकोतले टोमॅटो, काकड्या, ढोबळी मिरची मोठ्या प्रमाणावर ॲरिझोनाच्या सीमेवरच्या नोगालेस गावातून देशात येतात. आकार बेढब किंवा भाव पडलेला म्हणून व्यापाऱ्याला नको असलेला उत्तम माल तिथून फूड बँकांकडे वळतो. सणाचा शिधा ओसरण्याच्या दिवसांत हा माल सापडतो, म्हणून त्याचं मोल मोठं.

चौथी बाजू पैशाची. डबे गोळा करताना जे समाधान मिळतं ते चेक लिहिताना मिळत नाही, हे मान्य. पण फूड बँक घाऊक भावानं खरेदी करते, दान मिळालेल्या मालाच्या वाहतुकीवर खर्च करते, आणि त्यामुळे तिच्या हातात डॉलर फार पुढे जातो. एका डॉलरमागे किमान दहा जेवणांची सोय करता येते, असं फीडिंग अमेरिका आपल्या आवाहनांत सांगते. तोच डॉलर घेऊन दुकानातून डबा आणला तर एक भाजी येते, तीही कदाचित गोदामात आधीच शेकड्यांनी पडलेली. शिवाय पैसा टिकतो. नोव्हेंबरात आलेला डॉलर जुलैत खर्च करता येतो.

जुलै का, तर ती खरी कसोटी. फिनिक्सच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या आसपास असतो, वातानुकूलनाचं वीजबिल चढतं, आणि गरीब घरात बिल भरून जे उरेल त्यात किराणा बसवावा लागतो. त्यात शाळा बंद असतात. अमेरिकेत लाखो मुलांचं दिवसातलं भरवशाचं जेवण शाळेत मिळतं. त्यांच्यासाठी सुट्टी म्हणजे एका जेवणाची तूट. नाताळच्या सुट्टीतही हेच होतं, ज्या दिवसांत आपण त्यांच्यासाठी खेळणी गोळा करत असतो. आर्कान्सातल्या लिटल रॉकमध्ये एका शाळेच्या नर्सच्या लक्षात आलं की पोटदुखी, चक्कर अशा तक्रारी घेऊन येणारी मुलं खरं तर भुकेली आहेत. तिथून शनिवार-रविवारसाठी दप्तरात खाऊ भरून देण्याचा उपक्रम सुरू झाला आणि फूड बँकांनी तो देशभर उचलला.

व्हॅन हेंगेल यांनी 1980च्या दशकात राष्ट्रीय संस्था सोडली आणि इतर देशांत फूड बँका उभारायला मदत करण्याचं काम घेतलं. स्वतःसाठी त्यांनी काही जमवलं नाही. गॅरेजवरच्या खोलीत राहायचे, दुसऱ्यांनी वापरलेले कपडे घालायचे. 5 ऑक्टोबर 2005 रोजी फिनिक्समध्येच त्यांचं निधन झालं. त्यांच्यामागे सेंट मेरीज वाढतच राहिली. ॲरिझोनाच्या 15 परगण्यांपैकी 9 परगण्यांत आज तिचं काम चालतं. ज्यांना कुणी नोकरी देत नाही अशांना स्वयंपाकाचं प्रशिक्षण देणारं एक स्वयंपाकघरही ती चालवते.

या यशाबरोबर एक अस्वस्थ करणारी वस्तुस्थिती आहे. अमेरिकी कृषी खात्याच्या 2023च्या पाहणीनुसार त्या देशातली 13.5 टक्के घरं, म्हणजे 4 कोटी 74 लाख माणसं पुरेशा अन्नाच्या भरवशाशिवाय जगत होती. समाजशास्त्रज्ञ जॅनेट पॉपेनडीक यांनी 1998मध्येच लिहिलं होतं की दानाची व्यवस्था जितकी चांगली, तितकी सरकारला जबाबदारी झटकायची सोय अधिक. या टीकेत तथ्य आहे. 2025च्या ऑक्टोबरात सरकारी कामकाज ठप्प झालं, नोव्हेंबरात सुमारे 4 कोटी 20 लाख लोकांचं अन्नसाहाय्य लांबलं, आणि ऐन थँक्सगिव्हिंगच्या तोंडावर फूड बँकांपुढे रांगा लागल्या. सरकारनं हात आखडला की दान ती जागा भरू शकत नाही, हे फूड बँका स्वतःच सांगत असतात. आपल्याकडे 2013च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानं पात्र कुटुंबातल्या माणशी महिना 5 किलो धान्य हा हक्क ठरवला. हक्काचं ते धान्य दुकानात वेळेवर आणि पुरतं मिळतं का, याकडे लक्ष ठेवणं हेही अन्नदानाइतकंच पुण्याचं काम आहे, असं मी मानतो.

अमेरिकेतल्या भारतीय संस्था गेली काही वर्षं ‘सेवा दिवाळी’ या नावानं दिवाळीच्या दिवसांत शिधा गोळा करून स्थानिक फूड बँकांना देतात. दिवाळी आणि थँक्सगिव्हिंग जवळजवळ येतात, तेव्हा आपली भर त्याच भरतीत पडते. मुंबईत माजी पोलीस महासंचालक डी. शिवानंदन यांनी डबेवाल्यांना बरोबर घेऊन रोटी बँक सुरू केली, ती समारंभांत आणि हॉटेलांत उरलेलं चांगलं अन्न रोज गरजूंपर्यंत नेते. तिच्या कामातला ‘रोज’ हा भाग मला महत्त्वाचा वाटतो. आपल्या वृद्धाश्रमांत, अनाथाश्रमांत, वसतिगृहांत दिवाळीच्या चार दिवसांत चिवड्या-लाडवांचे डबे येतात, आणि परीक्षांच्या दिवसांत मुलांना दूध-अंडी पुरवताना तिथल्या व्यवस्थापकांची ओढाताण होते.

तेव्हा यंदा फराळ द्याच, मुलांबरोबर बसून खा. निघताना व्यवस्थापकांना विचारा की फेब्रुवारी ते जून या महिन्यांत काय कमी पडतं. तेल असेल, तूरडाळ असेल, गॅसचं सिलिंडर असेल, विजेचं बिल असेल. ऐकून घ्या, आणि जमेल तेवढ्या रकमेचा मार्च महिन्याच्या तारखेचा चेक तिथेच लिहून द्या.